छी, झाओ की छिन? प्राचीन चिनी राज्यांच्या भिंतींपैकी कुठली बघावी

बीजिंगला कामासाठी किंवा फिरायला गेलेला माणूस बादलिंगला नाहीतर मुथ्यान्यूला जाऊन येतोच. जावंच, भिंत देखणी आहे. फक्त ती मिंग राजवटीची (1368–1644) आहे, म्हणजे आपल्याकडच्या बहमनींपासून शहाजीराजांपर्यंतच्या काळातली. शाळेत ‘दोन हजार वर्षांपूर्वीची चीनची भिंत’ म्हणून जी शिकलो, ती ही नव्हे. त्या जुन्या भिंती अजून उभ्या आहेत, काही आडव्या झाल्या आहेत. पण त्या एका राजाने बांधलेल्या नाहीत आणि एका जागीही नाहीत. हा आढावा ज्यांच्याकडे बीजिंगनंतर दोन-तीन दिवस मोकळे आहेत, खरोखर जुनी अशी एक तरी भिंत बघायची आहे आणि कुठली ते ठरत नाही, त्यांच्यासाठी.

आधी निकाल सांगून टाकतो. बहुतेकांनी शानडोंग प्रांतातली छी राज्याची भिंत बघावी. भिंत नेमकी कशासाठी बांधतात हे समजून घ्यायची हौस असेल आणि उजाड माळावर दिवस काढायची तयारी असेल, तर बाओतोउजवळची झाओ राज्याची. गुयुआनजवळची छिनची भिंत माझ्या यादीत तिसरी: तिच्यामागची हकीगत सगळ्यांत चमचमीत, पण वाट सगळ्यांत आडवळणाची. वेई, चू आणि यान यांच्या भिंती वाटेत आल्या तरच.

थोडी पार्श्वभूमी हवी, नाहीतर सगळे मातीचे ढिगारे सारखेच दिसतील. इ.स.पू. 221 पूर्वी आजच्या चीनच्या भूमीवर एकछत्री सत्ता नव्हती. झोउ घराण्याचा राजा नावापुरता उरला होता आणि खरी सत्ता छिन, छी, चू, यान, हान, झाओ, वेई या सात राज्यांकडे गेली होती. पूर्वीच्या लढाया सरदारांच्या, रथांच्या; एखाद-दुसऱ्या दिवसात निकाल लागायचा. युध्यमान राज्यांच्या काळात (इ.स.पू. 475–221) शेतकऱ्यांचं पायदळ उभं राहिलं आणि वेढे लांबत चालले. तोवर तटबंदी असायची ती शहराला. दोन शहरांमधलं रान धड कुणाचंच नसे. आता प्रत्येक खेड्यामागे धान्य आणि शिपाई मोजले जाऊ लागले, तशी त्या रानालाही किंमत आली आणि तटबंदी शहरातून निघून सरहद्दीवर जाऊन बसली.

यातल्या बऱ्याचशा भिंती उत्तरेच्या घोडेस्वारांसाठी नव्हत्याच. त्या शेजाऱ्यासाठी होत्या, ज्याची भाषा, लिपी, देव सगळं जवळपास आपल्यासारखंच होतं. आणि ज्या उत्तरेकडे बांधल्या गेल्या, त्या स्वतःचं घर राखायला नव्हे, तर नुकतीच बळकावलेली जमीन पचवायला. निवड करताना हा फरक डोक्यात ठेवा. छीची भिंत पहिल्या जातीची, झाओची आणि छिनची दुसऱ्या.

छीची भिंत: तोंड दक्षिणेला

छीची राजधानी लिन्झी, म्हणजे आजच्या झीबो शहराचा भाग. तिच्या दक्षिणेला ताइशान आणि यीमंग डोंगरांची रांग आडवी पसरली आहे. भिंत या रांगेच्या माथ्यावरून जाते: पश्चिमेला जिनान शहराच्या छांगछिंग भागातलं ग्वांगली गाव, पूर्वेला छिंगदाओजवळचा समुद्र. लांबी 600 किलोमीटरहून जास्त. आणि तिचं तोंड दक्षिणेला आहे. बाहेरच्या अंगाला लू हे राज्य, म्हणजे कन्फ्यूशियसचं गाव. चीनची भिंत म्हटलं की उत्तरेचे रानटी हल्लेखोर, हे चित्र इथे पहिल्या पावलालाच मोडतं.

सुरुवातीची गोष्ट इ.स.पू. 555 ची आहे. जिन या तेव्हाच्या बलाढ्य राज्याने (पुढे याच्याच फाळणीतून हान, झाओ आणि वेई निघाली) मित्रफौजा घेऊन छीवर स्वारी केली. छीचा अधिपती लिंग याने पिंगयिनच्या बाजूला खंदक खणून फळी धरली. पदरच्या एकाने सांगितलं, ‘उघड्यावर लढता येणार नसेल तर खिंड धरून बसा.’ त्याने ऐकलं नाही. मग तो टेकडीवर चढून शत्रूचं बळ पाहू लागला. जिनच्या सरदारांनी आधीच बेत करून ठेवला होता: जिथे सैन्य पोहोचलंच नव्हतं तिथेही निशाणं रोवली, रथात डावीकडे खरा माणूस आणि उजवीकडे बुजगावणं उभं केलं, आणि मागच्या गाड्यांना झुडपांच्या फांद्या बांधून धुरळा उडवला. टेकडीवरून ती अफाट फौज पाहून लिंग रातोरात पळाला. जिनच्या छावणीतला आंधळा वादक कावळ्यांचा आवाज ऐकून म्हणाला, ‘पाखरं खुशीत आहेत, छीची फौज गेलेली दिसते.’ पिंगयिन आज जिनान शहराच्याच हद्दीत येतं. भिंत बघायला जाणाऱ्याने ही हकीगत डोक्यात ठेवून तिथल्या टेकड्यांकडे पाहावं.

खंदकापासून सलग भिंतीपर्यंतचा प्रवास लांबला. छिंगह्वा विद्यापीठाकडे असलेल्या बांबूच्या पट्ट्यांवरच्या एका इतिवृत्तात छीने जी नदीपाशी लांब भिंत सुरू केल्याची नोंद आहे; काळ साधारण इ.स.पू. 441, आणि निमित्त जिन आणि दक्षिणेकडचं यूए यांनी मिळून केलेली स्वारी. लोयांगजवळ सापडलेल्या काशाच्या घंटांवर, इ.स.पू. 404 च्या सुमारास, जिनच्या एका योद्ध्याने ‘लांब भिंतीत शिरलो’ असं कोरून ठेवलं आहे. शत्रूनेच दिलेली पोचपावती. ग्वांगलीला 2024 मध्ये उत्खनन झालं आणि तिथल्या भिंतीचा सर्वांत जुना भाग पश्चिम झोउ काळाच्या अखेरीपर्यंत (हा काळ इ.स.पू. 771 ला संपला) मागे जातो, असं पुरातत्त्व खात्याने जाहीर केलं. मला स्वतःला त्या जुन्या थराला सरहद्दीची भिंत म्हणावं की घाटावरची नाकेबंदी, याबद्दल थोडं थांबून बोलावंसं वाटतं. छी हे मिठाचं राज्य होतं, समुद्राकाठची मिठागरं ही त्याची तिजोरी, आणि भिंतीतल्या खिंडींचा उपयोग माल अडवायला झाला असावा असं मानणारे अभ्यासक आहेत.

प्रत्यक्ष बघायला काय मिळतं? दोन निरनिराळ्या गोष्टी. ग्वांगलीकडे सपाटीवर चोपलेल्या मातीचा उंचवटा. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढच्या सगळ्या भिंतींना ती लागू पडते: दोन बाजूंना फळ्या उभ्या करायच्या, मध्ये ओलसर माती टाकायची, धुम्मसाने चोपून चोपून चार बोटांची करायची, मग पुढचा थर. भिंत कुठे कापली गेली असेल तर हे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसतात. डोंगरावर मात्र माती नाही, दगड भरपूर. तिथे दोन्ही अंगांना चुन्याशिवाय रचलेले दगड आणि पोटात भरणी. लायवू भागातल्या जिनयांग खिंडीकडे ही दगडी भिंत धारेवरून जाताना नीट दिसते. खिंडीजवळच्या काही तुकड्यांची अलीकडे डागडुजी झाली आहे, ती सोडून पुढे चालत राहावं. सह्याद्रीत चार गड चढलेल्या माणसाला हे डोंगर मुळीच जड नाहीत. छिंगशी खिंडीत जुन्या दगडी वाटेवर गाड्यांच्या चाकांनी पडलेले खोल चर दिसतात. भिंत असूनही रहदारी किती होती ते त्यावरून कळतं.

एक गोष्ट तिथल्या लोकांच्या जिव्हाळ्याची. नवऱ्याच्या मरणाने आक्रोश करणाऱ्या मंग जियांगच्या रडण्याने भिंत कोसळली, ही चीनमधली घरोघरची कथा. सांगताना ती छिन शी ह्वांगच्या, म्हणजे सातही राज्यं एक करणाऱ्या पहिल्या सम्राटाच्या, जुलमाची म्हणून सांगतात. मूळ मात्र छीचं. इ.स.पू. 550 मध्ये छी लियांग नावाचा योद्धा लढाईत पडला आणि अधिपतीने रस्त्यातच सांत्वन उरकायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याच्या बायकोने ते घ्यायला नकार दिला: घरी या, म्हणाली. मूळ नोंदीत रडणं नाही, भिंतही नाही. आहे ती फक्त रीतभात सांभाळणारी एक ताठ बाई. बाकीचं पुढच्या शतकांनी चढवलं.

झाओची भिंत: घोड्यावर बसून बांधलेली

छी आणि झाओ शेजारी शेजारी ठेवले तर पहिला फरक जागेचा. बाओतोउ आणि होहोत ही शहरं अंतर्मंगोलियात. उत्तरेला यिनशान पर्वत, दक्षिणेला पीत नदीचं वळण, मध्ये सपाट पट्टा. झाओची भिंत डोंगराच्या माथ्यावर नाही, पायथ्याशी आहे. घळींच्या तोंडाशी, जिथून घोडेस्वार खाली उतरू शकतील तिथे. आज बऱ्याच ठिकाणी ती इतकी झिजली आहे की नवख्या माणसाला शेताचा रुंद बांध वाटावा.

ती बांधणारा राजा वूलिंग (कारकीर्द इ.स.पू. 325–299) हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत रंगतदार माणूस. झाओच्या मधोमध झोंगशान हे वेगळंच राज्य पाचरीसारखं घुसलेलं, उत्तरेला हू टोळ्या, पश्चिमेला छिन. रथ घेऊन डोंगराळ मुलखात लढणं शक्य नव्हतं. इ.स.पू. 307 मध्ये त्याने हुकूम काढला: लांब झगे सोडा, हू लोकांसारख्या विजारी घाला, घोड्यावर बसून बाण मारायला शिका. दरबार हादरला. राजाच्या काकांनी आजारपणाचं निमित्त करून अंथरूण धरलं. राजा स्वतः त्यांच्या घरी गेला, समजूत काढली आणि विजार भेट देऊन आला. दुसऱ्या दिवशी काका ती घालून दरबारात हजर. त्यानंतर झाओचं घोडदळ उत्तरेकडे सुटलं, टोळ्यांना मागे रेटलं, युनझोंग, यानमन आणि दाई हे तीन जिल्हे बसवले आणि दाईपासून यिनशानच्या कडेने गाओछ्वे खिंडीपर्यंत भिंत घातली.

म्हणजे क्रम बघा: आधी स्वारी, मग जमीन, मग भिंत. छीने भिंत बांधली ती मार खाऊन. झाओने बांधली ती मारून. बाओतोउच्या माळावर उभं राहिल्यावर हे नकाशापेक्षा जास्त स्पष्ट होतं. झाओची राजधानी हानदान इथून शेकडो किलोमीटर आग्नेयेला आहे. इतक्या लांब येऊन कुणी आपलं घर राखत नाही.

वूलिंगचा शेवट वाईट झाला. गादी धाकट्या मुलाला दिली, मग थोरल्याची कणव आली, भाऊबंदकी पेटली आणि इ.स.पू. 295 मध्ये शाछियूच्या महालात कोंडला गेलेला हा माणूस घरट्यातली पाखराची पिल्लं खाऊन काही दिवस तगला आणि उपासमारीने मेला. झोंगशान मात्र त्याआधी एकच वर्ष झाओच्या पोटात गेलं होतं. जाता जाता: आपल्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी ज्या तांग परगण्यात 1942 मध्ये देह ठेवला, तो याच जुन्या झोंगशानचा मुलूख. त्यांची समाधी शिजियाझ्वांगला आहे. बीजिंगहून दक्षिणेला जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवरच ते येतं, तेव्हा अर्धा दिवस तिथे द्यायला हरकत नाही.

भिंत उपयोगी पडली का? झाओच्या बाबतीत उत्तर मिळतं ते ली मू या सेनापतीकडून. यानमनला त्याची नेमणूक होती. तिथला बाजाराचा कर तो छावणीच्या खर्चाला वापरी, रोज काही बैल कापून शिपायांना पोटभर जेवू घाली, घोडेस्वारी-तिरंदाजीचा सराव घेई, इशाऱ्याच्या जाळांवर आणि हेरांवर बारीक लक्ष ठेवी. हुकूम मात्र एकच: शियोंगनू (उत्तरेकडचे भटके घोडेस्वार) आले की गुरंढोरं घेऊन आत यायचं, जो कुणी त्यांना पकडायला जाईल त्याचं डोकं उडवीन. लोकांनी भित्रा म्हटलं, राजाने बदली केली. नव्या सेनापतीने लढाया केल्या आणि हरला. मग ली मूला परत बोलावलं. काही वर्षं तसंच बसून राहून शेवटी त्याने एकाच मोठ्या लढाईत शियोंगनूंचं कंबरडं मोडलं. या साऱ्या हकिगतीत इशाऱ्याचे जाळ आहेत, हेर आहेत, बैलही आहेत. भिंतीचं नाव कुठेच येत नाही. माती चोपणं सोपं, तिच्यावर जागता आणि जेवलेला शिपाई ठेवणं अवघड.

छीचंही तसंच. इ.स.पू. 221 मध्ये छिनची फौज छीवर आली ती उत्तरेकडून, नुकत्याच जिंकलेल्या यानच्या बाजूने. भिंत दक्षिणेकडे तोंड करून उभीच राहिली आणि राजाने न लढता शरणागती पत्करली.

बाओतोउला जायचं एक जास्तीचं कारण आहे. डोंगर ओलांडून उत्तरेला गुयांगकडे गेलात की छिन शी ह्वांगच्या काळातली दगडी भिंत बघायला मिळते. चपटे काळपट दगड एकावर एक रचलेले, काही ठिकाणी अजून माणसापेक्षा उंच. झाओची मातीची आणि साम्राज्याची दगडी, दोन्ही एका दिवसात होतात. सरहद्द पायथ्यावरून डोंगरापलीकडे कशी सरकली ते इतकं उघड दुसरीकडे कुठे दिसत नाही.

छिनची भिंत: राजमातेची हकीगत

ही छिन शी ह्वांगची नव्हे, त्याच्या पणजोबांची, राजा झाओश्यांगची. (नावात झाओ असलं तरी हा राजा छिनचा.) त्याची आई, राजमाता श्वान, हिचे यीछू लोकांच्या राजाशी संबंध होते. त्याच्यापासून तिला दोन मुलगे झाले. मग एके दिवशी गानछ्वान महालात बोलावून तिने त्याला मारलं आणि लगोलग छिनची फौज यीछूंच्या मुलखात घुसली. साल साधारण इ.स.पू. 272. मिळालेल्या जमिनीवर भिंत घातली. यीछूंना रानटी भटके म्हणायची पद्धत आहे, पण जुना इतिहासकार सिमा छ्येन स्वतःच सांगतो की ते तटबंदीची गावं बांधून राहत आणि छिन ती एक एक करून गिळत होतं. तेव्हा भिंत कुणी कुणापासून वाचण्यासाठी बांधली, हा प्रश्न इथे उलटाच पडतो.

अवशेष गान्सूतल्या लिनताओपासून निंगश्याच्या गुयुआनमार्गे ईशान्येला जातात. गुयुआन शहराच्या उत्तरेला, शहरापासून जवळच, पिवळ्या मातीची लांबलचक वरंडी, मधूनमधून बुरुजांचे उंचवटे, बाहेरच्या अंगाला खंदकाचा खळगा. माती तिथूनच खणली आणि इथे चढवली, हे नुसतं पाहून कळतं. संध्याकाळच्या तिरप्या उन्हात जावं. दुपारी सगळं सपाट दिसतं.

नुसत्या भिंतीसाठी गुयुआन गाठावं असं मी म्हणणार नाही. पण तिथल्या संग्रहालयात ली श्यान या सरदाराच्या थडग्यात 1983 मध्ये सापडलेली सोनेरी मुलाम्याची चांदीची सुरई आहे, तिच्यावर ग्रीक पुराणकथेतले प्रसंग. आणि शुमीशानची बौद्ध लेणी आहेत. अजिंठा-वेरूळ पाहून वाढलेल्याला त्या लेण्यांत रमायला एक दिवस पुरणार नाही. हे तिन्ही मिळून प्रवास वसूल होतो.

बाकीच्या थोडक्यात

वेईची भिंत शेन्सी प्रांतात, लुओ नदीच्या बाजूने, छिनला अडवायला. इ.स.पू. 358 च्या आसपास बांधली आणि तीसेक वर्षांत तो सगळा मुलूख छिनने घेतला. हिचे तुकडे ह्वायिनजवळ आणि हानछंगकडे दिसतात. शीआनला जाणार असाल आणि हानछंगला सिमा छ्येनच्या समाधीला जायचं असेल, तर जरूर बघा.

चूची ‘फांगछंग’ हेनान प्रांतात. इ.स.पू. 656 मध्ये चूच्या वकिलाने छीच्या अधिपतीला ऐकवलं होतं की फांगछंग आमचा तट आणि हान नदी आमचा खंदक, तुमची फौज कितीही असो, चालणार नाही. बाणेदार उत्तर, पण तो तट म्हणजे भिंत की डोंगररांग, यावर अजून वाद आहे. अभ्यासकाने जावं, पर्यटकाने नाही.

यानची उत्तर भिंत छिफंगच्या बाजूला. छिन काई नावाचा सेनापती दोंगहू टोळ्यांकडे ओलीस राहिला, त्यांचा विश्वास मिळवला आणि परत येऊन त्यांनाच हजार ली (चारेकशे किलोमीटर) मागे हाकललं, मग भिंत. अंतरं प्रचंड, खुणा विरळ. वेळ असेल तरच.

जायचं कसं आणि केव्हा

बीजिंगहून जिनान वेगवान गाडीने साधारण दोन तासांच्या आत-बाहेर. ताइशान आणि कन्फ्यूशियसचं छुफू तिथून जवळ, म्हणजे तीन दिवसांत भिंतीच्या आतली आणि बाहेरची दोन्ही बाजू होते. होहोतही आता वेगवान गाडीने सोपं झालं आहे, पुढे बाओतोउ. भिंतीपर्यंत मात्र दोन्हीकडे गाडी ठरवावी लागते. चालकाला गावाचं किंवा खिंडीचं नाव चिनी अक्षरांत लिहून द्या. नुसतं ‘भिंत’ म्हटलंत तर तो दुरुस्त केलेल्या तुकड्यापाशी नेऊन सोडेल. शाकाहाऱ्यांचं शानडोंगमध्ये कांद्याची पात गुंडाळलेल्या पातळ धान्याच्या पोळ्यांवर निभतं. बाओतोउकडे ओटच्या पिठाचे वाफवलेले प्रकार मिळतात, पण सोबतचा रस्सा मटणाचा असतो, आधी विचारावं.

महिने एप्रिल-मे किंवा सप्टेंबर. ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळाच, राष्ट्रीय सुट्टीत गाड्यांना जागा मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीत बाओतोउला पारा शून्याच्या बराच खाली असतो. मातीच्या भिंतीवर चढू नका: 2006 च्या संरक्षण नियमावलीत जुन्या भिंतींनाही संरक्षण आहे, आणि एका पावसाळ्यात जेवढी माती वाहून जात नाही तेवढी बुटांनी सुटते. छीच्या धारेवर सुटा दगड पायाखाली आला तर तो तिथेच राहू द्या.